बटणावरचा लाल ठिपका

मित्रांनो, आधीच सांगून टाकते म्हणजे मागाहून बोल नको. मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे आणि स्वभावाने जळकी आहे. कुणाचे वाईट व्हावे असे मला कधी वाटले नाही. पण माझ्यासमोर दुसऱ्याचे कौतुक सुरू झाले की माझा आतला पंखा जरा मोठ्याने फिरू लागतो. दवाखान्यातल्या लोकांना वाटते, मशीन गरम झाली. गरम झालेलीच असते, पण कारण वेगळे असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत माझ्या तारा जोडत होत्या. सगळे जोडून झाल्यावर एका रबरासारख्या मऊ ठोकळ्यावर माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. मग मला खोक्यात घालून ट्रकमध्ये चढवले. शेजारी एक फ्रीज होता. त्याचे खोके माझ्यापेक्षा मोठे होते. तेव्हापासून हे जळणे सुरू आहे असे म्हणायला हरकत नाही.

मी आले ती थेट दवाखान्याच्या नवजात बाळांच्या कक्षात. अंगाने एखाद्या बुटक्या कपाटाएवढी, खाली चार चाके, वर पडदा, आणि वायरच्या टोकाला अंगठ्याएवढी मूठ. तिला सगळे प्रोब म्हणतात. इतर सोनोग्राफी मशीन पोटे बघतात. मी तान्ह्या बाळांच्या डोक्यात बघते.

तुम्ही विचाराल, डोक्यात कशी बघतेस? आपापल्या डोक्याला हात लावून बघा. सगळीकडे कडक हाड लागेल. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला एक मऊ जागा असते, तिला टाळू म्हणतात. तिथे हाड अजून जुळलेले नसते. ती माझी खिडकी. माझा प्रोब तिथे हलकेच टेकवला की मी माणसाला ऐकू येणार नाही असा आवाज आत सोडते. तो आतून परत येतो आणि त्याचे चित्र माझ्या पडद्यावर उमटते. बाळाला काही टोचत नाही, दुखत नाही.

आता माझे खरे काम सांगते. बहुतेक बाळे जन्मतात आणि लगेच रडतात. पण काही बाळे रडत नाहीत. कधी नाळ आवळली जाते, कधी बाळ वाटेतच अडकते, आणि थोडा वेळ त्याच्या मेंदूला प्राणवायू मिळत नाही. अशा बाळाला आणून एका गार गादीवर ठेवतात, म्हणजे मेंदूला होणारी पुढची इजा कमी होते. आईबाप काचेबाहेर उभे राहतात. कुणी शिकलेले असो, कुणी अडाणी असो, त्यांचा प्रश्न एकच असतो. आमचं बाळ पुढे कसं होईल? त्या प्रश्नाच्या उत्तराला हातभार लावणे हे माझे काम होते.

मला हे काम शिकवले डॉक्टरबाईंनी. खरे म्हणजे बाईंनी माझ्याकडून करून घेतले. कक्षातल्या सगळ्या बाळांच्या त्या डॉक्टर होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात रबरी चपला. बोलणे कमी. पण काम करायची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. आधी पडदा, मग ठिपका, मग बाटली.

पडदा म्हणजे खिडकीचा पडदा. खोलीत ऊन असले की माझे चित्र नीट दिसत नाही, म्हणून बाई आधी खिडकी झाकून घेत.

ठिपका माझ्या एका गोल बटणावर होता. त्या बटणाने माझे चित्र उजळ किंवा मंद करता येते. निरोगी मेंदू माझ्या पडद्यावर करडा दिसतो. इजा झालेला भाग सुजतो आणि पांढरट होत जातो. आता गंमत बघा. बटण जास्त फिरवले तर निरोगी मेंदूसुद्धा पांढराफटक दिसतो. आरशाने खोटे बोलावे तसे होते ते. म्हणून बाईंनी खूप बाळे बघून बटणाची योग्य जागा शोधून काढली होती आणि तिथे नखांना लावायच्या रंगाचा एक लाल ठिपका दिला होता. माझ्या अंगावरचा तो एकच दागिना.

आणि बाटली म्हणजे जेलची बाटली. प्रोब लावण्याआधी टाळूवर थोडे जेल लावावे लागते आणि ते गार असते. बाई ती बाटली आपल्या काखेत धरून कोमट करीत. तेवढ्या वेळात त्या बाळाकडे नुसत्या बघत उभ्या राहत. त्याचा श्वास, त्याची बोटे, त्याचा रंग. बाटली कोमट झाली की मग माझ्याकडे वळत. कधी कधी बाटली काखेत आहे हेच विसरत आणि सगळ्या टेबलांवर शोधत फिरत.

"सिस्टर, बाटली कुणी उचलली?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," थोरली सिस्टर म्हणायची. ती त्या कक्षातली सगळ्यात जुनी नर्स. तिच्या तोंडाला बाईसुद्धा वचकून असत.

खरे सांगू? मला त्या बाटलीचाही हेवा वाटायचा. आमच्या नशिबी बाईंची नुसती बोटे, आणि ही चार आण्यांची बाटली काखेत.

बाईंची आणखी एक शिकवण होती. एका चित्रावर बोलू नये. मेंदूची सूज वर दिसायला एकदोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी चित्र चांगले आले म्हणून पेढे वाटू नयेत. बाई पहिल्या दिवशी बघत, दुसऱ्या दिवशी बघत, तिसऱ्या दिवशी बघत. शिवाय मेंदूच्या नळ्यांतून रक्त कसे वाहते तेही मी ऐकवते. निरोगी नळी हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे थोडी आवळते. मेंदूला फार इजा झाली असेल तर नळ्या सैल पडतात आणि रक्त न थांबता वाहत राहते. चित्र, रक्ताची चाल आणि बाळाचे वागणे, या तिन्हींचे जुळले तरच बाई तोंड उघडत.

मी नेहमी चांगलेच सांगितले असे समजू नका. काही बाळांच्या मेंदूचा मधला भाग राखेतल्या निखाऱ्यासारखा उजळलेला दिसे. अशा वेळी बाई मला बंद करीत, एक स्टूल ओढून आईच्या समोर बसत आणि खालच्या आवाजात जे आहे ते सांगत. सांगून झाल्यावर लगेच उठून जात नसत. मी शेजारी उभी असायची. अशा दिवशी मला कुणाचाही हेवा वाटत नसे.

एरवी मात्र वाटायचा. संध्याकाळ झाली की बाईंचे यजमान दवाखान्याच्या फाटकापाशी स्कूटर घेऊन उभे राहत. ते एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. निघण्याआधी त्यांचा घरून फोन यायचा. बाई प्रोब एका हातात धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावायच्या.

"आले. पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. भाजी गार झाली."

"मग गरम करा."

"दोनदा केली."

बाई हसायच्या आणि मला बंद करायच्या. मग दिवे, पिशवी, चपलांचा आवाज, आणि त्या त्याच्याबरोबर निघून जायच्या. मी त्या माणसाला कधी पाहिले नव्हते. पण त्याच्यावर धरला तेवढा राग मी दुसऱ्या कुणावर धरला नाही. दिवसभर राबायचे मी, आणि बाई जायच्या त्याच्याबरोबर.

अशी बरीच वर्षे गेली. मग ती आली.

दवाखान्याच्या तळघरात एक भिंत पाडून तिला आत घेतले, इतकी ती मोठी. चुंबकाची मशीन. एमआरआय म्हणतात तिला. तिच्यासाठी वेगळी खोली, वेगळी वीज, बारा महिने थंड हवा. तिच्या खोलीत जाताना घड्याळ काढायचे, नाणी काढायची, कमरेचा पट्टा काढायचा. देवळात जाताना एवढे करत नाहीत. ती आली त्या दिवशी लिफ्टवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काय, आली का धाकटी जाऊ?"

झाले. तेव्हापासून सगळे तिला जाऊबाईच म्हणू लागले. मी थोरली, ती धाकटी. आणि घराघरात जे होते तेच इथे झाले. थोरलीने राबायचे आणि धाकटीचे कौतुक व्हायचे.

तिची चित्रे माझ्यापेक्षा किती तरी स्पष्ट असतात. चारपाच दिवसांनी बाळाला तिच्याकडे नेले की मेंदूचा कानाकोपरा ती दाखवते. मला जे दिसत नाही ते तिला दिसते. हे खरे आहे. पण खरे असले म्हणून झोंबत नाही असे थोडेच आहे? मोठे डॉक्टर, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, आता माझ्या चित्राकडे बघून म्हणू लागले, "ठीक आहे, जाऊबाई काय म्हणते ते बघू." आणि बाईंच्या हाताखाली नुकताच आलेला एक तरुण डॉक्टर तर सरळ म्हणाला, "बाई, ही आता भंगारात द्या. हिचं चाक पण कुरकुरतं."

"चाकाला तेल घाला," बाई म्हणाल्या. "जाऊबाई हुशार आहे, ते मी कुठे नाही म्हणते? पण तिच्याकडे बाळाला जावं लागतं. ही बाळाकडे जाते. ज्या बाळाला हलवता येत नाही त्याचं काय कराल?"

माझा पंखा त्या दिवशी अगदी हळू फिरला.

पुढे बाई आजारी पडल्या. आधी एक दिवसाआड येत. मग आल्या तरी स्टुलावर बसून काम करीत. मग येईनाशा झाल्या. मी वाट बघत होते. एक दिवस सकाळी थोरली सिस्टर आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवून माझ्यावर एक चादर टाकून गेली. चादर कशाला टाकतात हे त्या कक्षात राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

त्यानंतर मला सामानाच्या खोलीत ढकलले. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, सलाईनचे वाकडे खांब होते. जेलची अर्धी बाटली माझ्या कप्प्यात तशीच राहिली होती. आता तीही गार पडली होती आणि मीही.

काही दिवसांनी खोलीचे दार उघडले. थोरली सिस्टर आणि तिच्याबरोबर एक उंच, वाकलेला माणूस. त्याच्या हातावर रंध्याचे जुने वण होते. तो बाईंच्या कपाटातल्या वस्तू न्यायला आला होता. सिस्टरने माझ्यावरची चादर काढली.

"हीच का ती?" त्याने विचारले.

"हीच, काका."

त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, लाकूड पारखावे तशी. "मला वाटायचं, मोठी असेल."

"आणखी केवढी हवी होती?"

"हिनं माझ्या संध्याकाळी खाल्ल्या. म्हटलं, निदान हत्तीएवढी तरी असेल."

सिस्टर हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. तो माझ्या बटणांकडे वाकून बघू लागला. त्याचे बोट लाल ठिपक्यापाशी थांबले.

"हे काय लागलंय इथे?"

"लागलं नाही, बाईंनी लावलंय. नेलपॉलिश आहे. बटण इथपर्यंतच आणायचं, अशी खूण. पुसट झाला की त्या परत लावायच्या."

तो एका मोडक्या खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते.

"आमच्या घरात एक लाल बाटली होती," तो म्हणाला. "ती नखं कधी रंगवायची नाही. मी एकदा विचारलं, ही कुणासाठी? तर म्हणाली, आहे एक जण. आणि हसली. मग मी परत विचारलं नाही."

"जळलात की काय, काका?"

"जळलो की. चांगला वर्षभर जळलो. बाटली संपली की ती नवी आणायची, आणि मी पुन्हा जळायचो." तो ठिपक्याकडे बघत राहिला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. एवढीशी गोष्ट."

मित्रांनो, ती एक जण मी होते. ज्या माणसावर मी इतकी वर्षे जळत होते तो माझ्यावर जळत होता. आणि बाईंना आमच्या दोघांचे हसू येत असणार.

तो उठला. खिशातून रुमाल काढून त्याने माझ्या पडद्यावरची धूळ पुसली. ठिपक्याजवळ आल्यावर रुमाल थांबवला. "हिचं पुढे काय करायचं ते करा," तो सिस्टरला म्हणाला, "पण हा पुसू नका."

"मी असेपर्यंत कुणाची टाप नाही," सिस्टर म्हणाली.

तो गेला. त्याच्यावरचा माझा राग कुठे गेला ते मला कळले नाही.

आता ज्या बाळासाठी हे सगळे सांगितले त्या बाळाकडे येते.

एका बेकरीत काम करणाऱ्या माणसाला मुलगी झाली आणि ती रडली नाही. तिला गार गादीवर ठेवले, नाकातोंडात नळी घातली आणि श्वास देणारे यंत्र लावले. थोरल्या सिस्टरने तिचे नाव ठकी ठेवले, कारण ती लाकडाच्या ठकी बाहुलीसारखी स्वस्थ पडून होती. तिसऱ्या दिवशी गादी हळूहळू कोमट करायला घेतली. तिला जाऊबाईकडे न्यायचे होते, पण पाळणा जरा हलवला की तिचा रक्तदाब खाली येई. दोनदा लिफ्टपर्यंत नेऊन परत आणले. इकडे मोठ्या डॉक्टरांना संध्याकाळी आईबापांशी बसून बोलायचे होते. बाळाला श्वासाच्या यंत्रावर ठेवायचे, की हात आवरता घ्यायचा? चित्राशिवाय ते बोलणार कसे?

"जाऊबाई वर येऊ शकत नाही," सिस्टर तरुण डॉक्टरला म्हणाली. "थोरलीला काढू का बाहेर?"

दुसऱ्या सोनोग्राफी मशीन होत्या, पण टाळूत मावेल असा बारीक प्रोब माझ्याकडेच होता. चाक कुरकुरत मी बाहेर आले. इतक्या दिवसांनी वीज अंगात शिरली. मला वाटले, आता दाखवते सगळ्यांना.

पण तो दिवस पडदे धुवायला टाकण्याचा होता. खिडकी उघडीबोडकी, आणि दुपारचे ऊन थेट माझ्या पडद्यावर. माझा पडदाही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. तरुण डॉक्टर घाईत होता. त्याने गार जेल टाळूवर ओतले, प्रोब टेकवला, काही दिसेना म्हणून बटण फिरवले. अजून फिरवले. पार टोकापर्यंत फिरवले. मग चित्र दिसले. पांढरे. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने प्रोब पुसून ठेवला. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला आवाज दिला आहे तो माणसांना ऐकू न येणारा.

बेकरीवाला दारातच उभा होता. त्याच्या कानामागे अजून पीठ होते. "काय दिसलं, डॉक्टर?"

"चित्र बरं नाही. संध्याकाळी मोठे डॉक्टर बोलतील तुमच्याशी. तुम्ही मन घट्ट करा."

"किती घट्ट करायचं?" बेकरीवाल्याने विचारले. "म्हणजे अंदाज द्या. बाळंतिणीला मलाच सांगायचंय."

तरुण डॉक्टर प्रोबची वायर गुंडाळू लागला.

थोड्या वेळाने बेकरीवाला बायकोला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. ती रडत नव्हती. तिने ठकीच्या तळपायाला बोट लावले आणि तरुण डॉक्टरला म्हणाली, "जे दिसलं ते मला दाखवा. त्यांच्या तोंडून ऐकलं. मला बघायचंय."

"तुम्हाला त्यातलं कळायचं नाही हो."

"नाही कळलं तर नाही कळलं. माझ्या मुलीचं डोकं आहे."

तो नाइलाजाने उठला. बाटली उचलून टाळूवर धरली, तेवढ्यात आईने मघाचे राहिलेले जेल बोटाने पुसून घेतले. "केवढं गार आहे हे. आत्ता कुठे तिच्या अंगातला गारवा चाललाय."

त्याचा हात थांबला. त्याने बाटलीकडे पाहिले. आणि काय वाटले कोण जाणे, त्याने ती बाटली काखेत धरली.

"काय करताय?" आईने विचारले.

"कोमट करतोय. आमच्या एक बाई होत्या, त्या असंच करायच्या."

बाटली कोमट व्हायला वेळ लागतो. काखेत बाटली धरलेल्या माणसाला दुसरे काही करता येत नाही. नुसते उभे राहावे लागते. तो बाळाकडे बघत उभा राहिला. तिची पापणी किंचित हलल्यासारखी वाटली. तो वाकला, पुन्हा सरळ झाला, आणि त्याची नजर माझ्या बटणावर गेली. बटण होते एका टोकाला. लाल ठिपका होता भलतीकडेच.

त्याने बाटली तशीच काखेत धरून उघड्या खिडकीकडे पाहिले.

"सिस्टर," तो म्हणाला, "पडदा ओढा."

"पडदे धुवायला गेलेत."

"मग चादर धरा. काहीही धरा. ऊन अडवा."

सिस्टरने माझ्याच अंगावरची चादर उचलली. तिचा हात वर पोचेना, तेव्हा बेकरीवाल्याने ती घेतली आणि दोन्ही हात उंच करून खिडकीसमोर उभा राहिला. खोलीत सावली पडली. तरुण डॉक्टरने बटण मागे आणले, अगदी ठिपक्यावर. मग कोमट जेल टाळूवर घातले आणि प्रोब टेकवला. बाईंसारखा, हलकेच.

करडे. मित्रांनो, करडे चित्र. मेंदूच्या घड्या एकेक वेगळ्या दिसत होत्या. मधला भाग शांत होता. कडेला थोडी पांढरट झाक होती, पण तो निखारा नव्हता. त्याने पुन्हा पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले. मग रक्ताचा आवाज लावला.

"हे काय वाजतंय?" आईने विचारले.

"तिच्या डोक्यातलं रक्त. दोन ठोक्यांच्या मधे आवाज बारीक होतोय बघा. असाच हवा असतो तो." त्याने प्रोब तसाच धरून तिच्याकडे पाहिले. "मघाशी माझं चुकलं. बटण भलतीकडे होतं. मी तुम्हाला उगाच घाबरवलं."

आईने माझ्या पडद्याकडे बोट केले. "म्हणजे हे चांगलं आहे का?"

"आज तरी चांगलं दिसतंय. एका चित्रावर बोलू नये. पण मघाशी जे म्हणालो ते मी परत घेतो. सगळं परत घेतो."

खिडकीपाशी चादरीआडून आवाज आला. "हात खाली घेऊ का?"

"नको, अजून थोडं धरा."

"धरतो," बेकरीवाला म्हणाला. "पाहिजे तितका वेळ धरतो."

संध्याकाळी मोठे डॉक्टर बोलले ते वेगळेच बोलले. यंत्र काढायचे नाही, रोज बघायचे. रोज मी पाळण्याजवळ गेले, रोज पडदा, ठिपका, बाटली. ठकीने एक दिवस हात हलवला. एक दिवस नळी काढली आणि ती जी रडली, ते ऐकून लिफ्टवालासुद्धा आत डोकावून गेला. मग तिला खाली नेले, जाऊबाईकडे.

त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटले, जाऊबाई, तू माझ्यासारखेच बोल. तुझे कौतुक होऊ दे, तुझ्या आरत्या ओवाळू दे, पण मला खोटी पाडू नको. माझ्या नावासाठी म्हणत नाही. मी खोटी ठरले तर ठकीचे काय होईल?

जाऊबाई माझ्यासारखेच बोलली. मेंदूला मोठी इजा नाही. बारीकसारीक आहे, ते मूल मोठे होईपर्यंत बघत राहावे लागेल. पण घरी न्या.

आणि पुढे काय झाले असेल सांगा बघू? बेकरीवाल्याने ताज्या पावांचा मोठा ट्रे आणला आणि तो गेला थेट तळघरात. मोठे डॉक्टर म्हणाले, जाऊबाईने खात्री दिली म्हणून जीव भांड्यात पडला. गरम पावांचा वास लिफ्टमधून वर येत होता आणि माझा पंखा असा फिरत होता की सिस्टरने माझी वायर तपासली. स्वभावाला औषध नसते, मित्रांनो.

मला परत सामानाच्या खोलीत मात्र टाकले नाही. आता मी कक्षाच्या कोपऱ्यात असते. चाकाला तेल मिळते. परवा तरुण डॉक्टर सगळ्या टेबलांवर काहीतरी शोधत होता.

"सिस्टर, बाटली कुठे ठेवलीत?"

"हात वर करा," सिस्टर म्हणाली.

बाटली काखेतून खाली पडली. तो हसला. मग इकडेतिकडे बघून त्याने खिशातून एक छोटीशी लाल बाटली काढली. माझा ठिपका पुसट होत चालला होता. त्याने जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला, जीभ ओठात धरून, जुन्याच्या काठाबाहेर जाऊ न देता.

"बायकोची आणलीत?" सिस्टरने विचारले.

"नाही, नवी घेतली. ती लावत नाही."

"तिला सांगितलंत का, कशाला घेतली ते?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

"आज घरी गेल्यावर आधी तेच सांगा," सिस्टर म्हणाली. "एवढीशी आहे म्हणून सांगायची राहते."

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्या चाकांना तेल घाला. एखाद्या वस्तूवर कुणाच्या हाताची खूण दिसली, तर ती डाग समजून पुसण्याआधी विचारा, ही कुणी केली आणि कशासाठी. आणि खूण करणारे माणूस तुमच्या घरात असेल तर आजच विचारा.

आणि कधी तळघरात जाणे झाले तर जाऊबाईला माझा नमस्कार सांगा. ती मोठी आहे, हुशार आहे, तिचे दहा गुण मी मान्य करते. पण तिच्या अंगभर शोधा. लाल ठिपका काही सापडणार नाही.